छत उचललेले घर

१५ नोव्हेंबर २०२५, शनिवार, सकाळी नऊ वाजून वीस मिनिटे. मुलीने कुरियरने पाठवलेली गुंडाळी मी जेवणाच्या टेबलावर उलगडली आणि कोपऱ्यांवर वजने ठेवली. कागद लांब होता. एक टोक खुर्चीच्या पाठीवर टेकवावे लागले.

त्यावर आमच्या घराचे चित्र होते. शिकागोजवळच्या शॉमबर्गमधले घर, छत उचललेले, वरून आणि किंचित बाजूने पाहिलेले. प्रत्येक खोलीत माणसे. सहा पॅनेलचा घडीचा पडदा होणार होता आणि ही त्याची निम्म्या आकाराची नक्कल होती. मुलगी दुसऱ्या राज्यात, हर्नडनला राहते, चित्रे काढणे हा तिचा व्यवसाय आहे, आणि या एका कामावर तिने दोन वर्षे घालवली होती. डिसेंबरात तिच्याकडच्या एका कलाकेंद्रात पडदा उभा राहायचा होता. अंतिम फाइल त्याच संध्याकाळी छापखान्याला द्यायची होती. त्याआधी मी ते तपासून द्यावे, असे तिने चिठ्ठीत लिहिले होते.

तपासणे हे माझे काम होते. पुलांच्या पोलादी भागांची ड्रॉइंग मी एकतीस वर्षे तपासली. पद्धत ठरलेली असते. एकेक माप पडताळायचे. बरोबर असेल तर त्यावर पिवळी पेन्सिल फिरवायची, चूक असेल तर लाल. काहीही न तपासता सोडायचे नाही. शीट पूर्ण झाली की कोपऱ्यातल्या चौकटीत सही करायची. त्या सहीनंतर चूक निघाली तर ती काढणाऱ्याची राहत नाही, तपासणाऱ्याची होते.

चूक सहाव्या पॅनेलवर होती आणि ती मला गुंडाळी उलगडताच दिसली. तिथे शयनगृहात माझी पत्नी पलंगावर आहे, शेवटची दुपार. शेजारी खुर्चीवर मी बसलो आहे. माझ्या हातात चमचा आहे आणि स्टुलावर गंगाजलाचा तांब्याचा गडू. त्या दुपारी मी त्या खोलीत नव्हतो. मुलीला ते माहीत नव्हते, कारण तिला उलट समजेल अशी व्यवस्था मीच केली होती. म्हणजे संध्याकाळपर्यंत दोनच गोष्टी शक्य होत्या: मी सही करणे, किंवा तिची आई एकटी गेली हे तिला सांगणे.

मी पेन्सिली टोकदार केल्या आणि उजवीकडून सुरुवात केली. असे जपानी पद्धतीचे पडदे उजवीकडून डावीकडे वाचतात.

हे जपानी प्रकरण आमच्या घरात कसे आले ते सांगितले पाहिजे. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांपूर्वी पत्नीने गावच्या वाचनालयातल्या वाचनगटात नाव घातले. सात-आठ बायका आणि एक निवृत्त दंतवैद्य. त्या हिवाळ्यात त्यांनी जपानी दरबारातले जुने साहित्य घेतले होते. हजार वर्षांपूर्वी राजवाड्यात नोकरीला असलेल्या बायकांच्या रोजनिश्या, टिपणे, आणि त्यांतल्याच एकीने लिहिलेली एक प्रचंड गोष्ट. त्या बाईचे खरे नाव कोणाला माहीत नाही. ज्या नावाने जग तिला ओळखते ते इतरांनी दिलेले आहे. पुरुष सरकारी लिखाण चिनी भाषेत करीत. बायका घरच्या भाषेत लिहीत.

“म्हणजे पुरुष बसले संस्कृतात अडकून आणि बायका मराठीत लिहून मोकळ्या,” पत्नी म्हणाली होती. ती पोळ्या लाटत होती आणि रोज जेवढे वाचून होई तेवढे मला सांगत असे.

मला त्या गोष्टीत रस नव्हता. नायक एका घरातून दुसऱ्या घरात जात असे, एवढेच मला समजले होते.

“त्या माणसाला काही काम नव्हतं का?” मी विचारले.

“होतं की. पत्रं लिहिणं. कागद कुठल्या रंगाचा, शाई किती गडद, घडी कशी घातली, सोबत फांदी कुठल्या झाडाची पाठवली. त्यावरून माणूस पास की नापास ठरायचा.”

“आणि पूल कोण बांधत होतं?”

“पूल होते, अहो. त्यांवर उभं राहून रडायचे.”

त्याच वसंतात ती आम्हाला शिकागोच्या संग्रहालयात घेऊन गेली. मुलगी चौदा वर्षांची होती आणि यायला तयार नव्हती. त्या गोष्टीवरची चित्रे तिथे मांडली होती: जुन्या गुंडाळ्यांच्या नकला आणि एक खरा पडदा, सोनेरी, सहा पॅनेलचा. मी त्यापुढे थांबलो तो रेषांमुळे. चित्रकाराने घरांची छते काढून टाकली होती. आत चाललेले सगळे वरून दिसत होते. आणि दूर जाणाऱ्या रेषा एकमेकींना मिळत नव्हत्या. समांतरच राहत होत्या. आमच्या ऑफिसातही तसेच काढीत. रेषा एका बिंदूत मिळवल्या की चित्र डोळ्याला बरे दिसते, पण त्यावर पट्टी ठेवून माप घेता येत नाही. या पडद्यावर माप घेता आले असते. मी ते पत्नीला सांगितले. तिने ते दंतवैद्याला सांगितले. त्यांना ते फार आवडले, असे कळले.

भिंतीवर माहितीचा फलक होता. पत्नीने तो मोठ्याने मराठीत वाचून दाखवला. चेहऱ्यांवर काही दाखवायचे नाही, हा त्या चित्रांचा नियम: डोळ्याच्या जागी रेघ, नाकाच्या जागी हुकासारखा आकडा, सगळ्यांना सारखेच. दुःख दाखवायचे असेल तेव्हा चित्रकार खोलीचा उतार वाढवतो. जमीन, तुळया, पडदे अधिक तिरपे होतात आणि माणसे कोपऱ्यात सरकल्यासारखी दिसतात.

“हे तर तुमचंच चित्र आहे,” पत्नी म्हणाली. “दोन रेघा आणि एक आकडा. चिडलात का ते कळायला मला खोलीचा उतार बघावा लागतो.”

मुलगी हसली. त्या सकाळी ती पहिल्यांदा हसली. मग ती पडद्यासमोर फरशीवर बसली आणि वहीच्या मागच्या पानांवर तो उतरवू लागली. पहारेकऱ्याने दोनदा मागे सरकायला सांगितले. आम्ही निघालो तेव्हा तीन तास झाले होते.

नंतर मी थोडे वाचले. गोष्ट लिहून झाल्यावर शे-सव्वाशे वर्षांत तिच्यावर चित्रे काढली गेली. मग पडदे, पंखे, लाखेच्या पेट्या. शिंपल्यांच्या जोड्या लावण्याचा एक खेळ होता. त्या शिंपल्यांच्या आत त्याच गोष्टीतले प्रसंग रंगवीत. सुगंध ओळखण्याच्या खेळातल्या खुणांना तिच्या प्रकरणांची नावे दिली. वस्त्रांवरच्या नक्षीत ती आली, लाकडी ठशांच्या चित्रांत आली, आता मुले वाचतात त्या चित्रकथांत आहे. ज्यांनी मूळ गोष्ट उघडलीही नाही अशा लोकांनी हे काम केले असणार. मीही ती उघडली नाही. तरी माझ्या जेवणाच्या टेबलावर तिच्या पद्धतीने काढलेले माझे घर होते.

पहिल्या पॅनेलवर पुढचे दार आणि चपलांची रांग. जिन्याला तेरा पायऱ्या. मोजल्या, तेराच होत्या. पिवळे. दुसऱ्यावर स्वयंपाकघर. गणपतीत इथल्या मराठी मंडळातल्या काकू मोदक वळायला येत, त्या तिथे होत्या, पाठमोऱ्या. खिडकी मात्र चौदा इंच डावीकडे गेली होती. लाल. कपडे धुण्याच्या खोलीचे दार उलट्या बाजूला उघडत होते. तेही लाल. तिसऱ्यावर बैठकीची खोली, चौथ्यावर मुलीची, पाचव्यावर मी माझ्या टेबलाशी. माझ्या चेहऱ्यावर दोन रेघा आणि एक आकडा होता. सगळ्यांनाच तसे होते. माझा दिवा, माझी पट्टी, मागचे कपाट बरोबर होते. सर्व खोल्यांच्या रेषा तीस अंशांवर होत्या. गुण्या लावून पाहिल्या.

सहाव्यात उतार शेहेचाळीस अंश होता. फलकावरचा नियम तिने पाळला होता.

सहाव्याच्या खाली डाव्या कोपऱ्यात सोनेरी ढग होता. जुन्या पडद्यांवर असे ढग असतात; जे दाखवायचे नाही किंवा जे महत्त्वाचे नाही त्यावर चित्रकार ते ओढतो. आमच्या घराचा आराखडा मला पाठ आहे. त्या ढगाखाली गॅरेज होते.

ती दुपार फेब्रुवारीतली, साडेतीन वर्षांहून थोडी अधिक जुनी. पत्नीचा आजार दोन वर्षे चालला आणि शेवटचे पाच आठवडे ती घरीच होती. नर्स आठवड्यातून तीनदा येई. तिने एक छापील कागद फ्रिजवर लावून ठेवला होता. अखेर जवळ आली की काय काय दिसते त्याची यादी. श्वासाचा बदल चौथ्या ओळीत होता. त्या दिवशी सकाळी नर्स येऊन गेली आणि अजून दोन-तीन दिवस आहेत, असे म्हणाली. मुलीने संध्याकाळी पोचणाऱ्या विमानाचे तिकीट काढलेच होते. पहाटे पाच इंच बर्फ पडला होता आणि टॅक्सी आत यायची तर घरासमोरची वाट साफ हवी होती.

एक वाजायला दहा मिनिटे असताना पत्नीचा श्वास बदलला. मी स्वयंपाकघरात जाऊन चौथी ओळ वाचली. मग गॅरेजमध्ये गेलो.

बर्फ उडवायच्या यंत्राची पिन आदल्या आठवड्यात तुटली होती. पिन बदलायला बारा मिनिटे लागतात. ती बदलून झाल्यावर मी कार्ब्युरेटर उघडला. त्याला काही झाले नव्हते. तो पुसून पुन्हा बसवला. दोन वाजायला वीस मिनिटे असताना मी आत आलो, धुण्याच्या खोलीतल्या सिंकमध्ये हात धुतले आणि शयनगृहात गेलो. ती गेलेली होती. मी नर्सला फोन केला.

नागपूरला पत्नीची थोरली बहीण माझ्या फोनची वाट पाहत जागी होती.

“भाऊजी, जवळ होतात ना?” ताईंनी विचारले.

“होतो.”

“तोंडात पाणी घातलंत ना? गंगेचं?”

“घातलं.”

“मग झालं. सुटली हो ती.” त्यांनी फोन दुसऱ्या कोणाच्या हातात दिला.

मी देव्हाऱ्यातला गडू काढला. तो आमच्या लग्नापासूनचा, तोंड झाळून बंद केलेला. स्क्रू-ड्रायव्हरने झाळ उचकटली. दोन चमचे पाणी सिंकमध्ये ओतले. गडू आणि चमचा तिच्या उशाशी स्टुलावर ठेवला. पाच वाजता मुलगी आली. तिने मला काही विचारले नाही. स्टुलाकडे पाहिले आणि माझ्या दंडावर हात ठेवला. चौदाव्या दिवशी परत जाताना गडू घेऊन जाऊ का, असे तिने विचारले. मी हो म्हणालो.

त्यानंतर हे कोणी मला पुन्हा विचारले नाही. शोकसभेत मंडळातल्या एकाने सांगितले की काका शेवटच्या क्षणापर्यंत उशाशी होते. मी खाली पाहिले. लोकांनी ते योग्य मानले.

मुलीचे चित्र त्या स्टुलावरून निघाले होते.

मी पिवळी पेन्सिल घेतली आणि खुर्चीवरच्या माझ्या आकृतीवर टेकवली. रेघ ओढली नाही. मग लाल घेतली. तीही ठेवून दिली. साडेबारा वाजले होते. आदल्या दिवशीची खिचडी गरम करून उभ्यानेच खाल्ली, कारण टेबल मोकळे नव्हते. सही केली असती तर कोणाला काही दिसले नसते. ताई चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत. मंडळातले लोक प्रदर्शनाचे फोटो पाहणार होते. मुलगी त्या खुर्चीतल्या माणसाबरोबर तीन वर्षे ठीक होती. हे सगळे मी एकापुढे एक मांडले. ते सगळे खरे होते आणि त्याने आकृतीची जागा बदलत नव्हती.

दोन वाजून दहा मिनिटांनी तिचा फोन आला.

“बाबा, रिपोर्ट कार्ड द्या. किती रेड?”

“तीन.”

“फक्त तीन? तब्येत बरी आहे ना तुमची?”

“स्वयंपाकघराची खिडकी चौदा इंच सरकली आहे. धुण्याच्या खोलीचं दार उलटं उघडतं आहे.”

“दार ओके, फिक्स करते. खिडकी मी मुद्दाम सरकवलीय. आईच्या डोक्यामागे लाइट हवा होता.”

“खिडकी सरकत नाही.”

“माझ्या किंडरगार्टनच्या सूर्यालापण तुम्ही रेड केलं होतं. सावली राँग साइडला पडली म्हणून. मिस म्हणाली, युअर डॅड इज व्हेरी थरो.”

“ती चुकीचीच होती.”

“आय नो. म्हणून मी ह्या जपानी स्टाइलकडे आले. ह्यांच्यात सावल्याच नसतात. यू कान्ट मार्क देम.” ती हसत होती. “बरं, तिसरं रेड?”

“सहावं पॅनेल.”

“नाही हं. बेड मी तीनदा मेजर केलाय.”

“पलंग बरोबर आहे. माझी जागा चुकली आहे.”

“खुर्ची खिडकीच्या बाजूला होती का?”

“मी त्या खोलीत नव्हतो.”

तिच्याकडे काहीतरी गाणे चालू होते. ते बंद झाले.

“कुठे होतात?”

“तू ढग काढला आहेस तिथं. गॅरेजमध्ये.”

“ओके. किती वेळ?”

“पन्नास मिनिटं.”

“बाबा, पण नर्सनं टू-थ्री डेज म्हटलं होतं. तुम्हाला कसं कळणार होतं? यू डिडन्ट नो.”

इथे थांबता आले असते. तिनेच ती जागा करून दिली होती.

“मला माहीत होतं,” मी म्हणालो. “श्वास बदलला होता. फ्रिजवरच्या कागदावर ते लिहिलेलं होतं. मी वाचलं आणि गेलो.”

“का?”

“बर्फाच्या यंत्राची पिन बदलली आणि मग कार्ब्युरेटर उघडला, त्याला काही झालं नव्हतं,” मी म्हणालो.

“मग पाणी?”

“घातलं नाही. गडू मी नंतर उघडला. तू यायच्या आधी.”

“तो माझ्या शेल्फवर आहे.”

“ठाऊक आहे.”

“मी लोकांना सांगत आलेय की माझे बाबा— मला पाच मिनिटं द्या.”

तिने फोन ठेवला. मी भांडे आणि ताट घासून ठेवले. मग खुर्चीवर बसलो. सत्तावीस मिनिटे गेली.

पुन्हा फोन आला तेव्हा तिचा आवाज बसलेला होता, पण ती कामाचेच बोलत होती.

“ऑप्शन्स सांगते. वन, आहे तसं जाऊ दे. पेंटिंग आहे, अॅफिडेव्हिट नाही. टू, बेडरूमवर ढग ओढते. त्या गोष्टीतपण हीरो मरतो ते चॅप्टर कोरंच आहे, नुसतं टायटल. आई किती वेळा सांगायची.”

सांगायची, हे खरे होते. नायकाचा मृत्यू लिहिलेलाच नाही; प्रकरणाचे नाव तेवढे आहे आणि पुढे मजकूर नाही. बाईने तो लिहिला नाही की कोणी काढून टाकला, की नावच मागाहून कोणी घातले, यावर विद्वान अजून भांडतात. वाचनगटात त्यावर दोन बैठका झाल्या होत्या. पत्नीला ते अतिशय पटले होते.

“आमच्याकडे झाकलेली वस्तू तुटक रेषेनं दाखवतात,” मी म्हणालो. “वगळत नाहीत.”

“हे तुमचं ऑफिस नाही, बाबा.”

“नाही.”

“मग काय करू? सांगा ना. चेकर तुम्ही आहात.”

“गॅरेजवरचा ढग काढ. मला तिथं दाखव.”

“आणि आईजवळ कोण?”

“कोणी नाही.”

“खुर्ची?”

“खुर्ची होती. रिकामी ठेव.”

“ताईमावशी बघेल. सगळ्या काकू बघतील.”

“बघू देत. ताईंना मी उद्या फोन करतो.”

तिने नाक शिंकरले. “मी तुमच्यावर खूप चिडलेय. सांगून ठेवते.”

“बरोबर आहे.”

“ते पिवळं ना?”

“पिवळं.”

ती हसली नाही. “मी हे आज काढणार. पण ह्याच्यावर आज बोलणार नाही. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत येणार की कॅन्सल, तेपण आत्ता विचारू नका.”

“नाही विचारत.”

“गॅरेज मी कधी ड्रॉ केलंच नाहीये. मला नीट आठवतपण नाही, फक्त ऑइलचा वास. मेजरमेंट्स पाठवा. फोटो नको, फोटोत लाइन्स एकत्र येतात. तुमच्या पद्धतीनं, थर्टी डिग्रीज.”

“शयनगृहाला तू शेहेचाळीस दिले आहेस.”

“मोजलंत?” तिने विचारले. “ते माझं मी बघते. तुम्ही नंबर्स द्या. तुमच्या घड्याळात पाचपर्यंत.”

“बरं.”

तीन वाजायला पाच मिनिटे होती. मी गाडी बाहेर काढली, कारण ती आत असताना मागच्या भिंतीपर्यंत टेप जात नाही. रुंदी एकोणीस फूट आठ इंच, खोली एकवीस फूट दोन. कामाचे बाक डाव्या भिंतीला, उंची चौतीस इंच. त्यावर पाने-पक्कड अडकवायची फळी, सात खुंट्या. बाजूला खिडकी, दोन फूट बाय दीड. घरात येणारे दार उजव्या हाताला, दोन पायऱ्या वर. यंत्र अजून तिथेच होते. ते मी त्या दुपारच्या जागी ओढून नेले आणि चाकांभोवती खडूने खुणा केल्या. मग स्वतः उभा राहिलो, बुटांभोवती खडू फिरवला आणि मागच्या भिंतीपासून अंतर घेतले: चार फूट तीन इंच. घरात जायच्या दारापासून तेरा फूट. दारापासूनचे अंतर दोनदा मोजले. दोन्ही वेळा तेच आले.

टेबलावरची गुंडाळी काढून तिथे कोरा कागद लावला आणि आराखडा काढला. दूरच्या रेषा समांतर ठेवल्या. बाकाखालचे खण दिसत नव्हते, ते तुटक रेषेने दाखवले. यंत्र काढले. माणसाच्या जागी एक वर्तुळ काढून पायांची दिशा बाणाने दाखवली. मुलीचा मेसेज आला, इंग्रजीत, एका ओळीचा: तोंड कोणत्या बाजूला होते. डाव्या भिंतीकडे, दाराकडे पाठ, असे मी कळवले.

खालच्या चौकटीत काढणाऱ्याच्या जागी सही केली. तपासणाऱ्याची जागा मोकळी सोडली. स्वतःचे ड्रॉइंग स्वतः तपासता येत नाही. शीट स्कॅनरमध्ये चार तुकड्यांत घातली आणि चार वाजून चाळीस मिनिटांनी पाठवली. पाच वाजून दोन मिनिटांनी तिचे उत्तर आले: मिळाले. बाकाची उंची पुन्हा पाहा, चौतीस की छत्तीस. मी टेप घेऊन गेलो. चौतीस होती. तसे कळवले.

बाहेर अंधार पडला होता आणि गाडीच्या काचेवर दव गोठायला लागले होते. यंत्र भिंतीला लावले, गाडी आत घेतली आणि गॅरेजचे दार खाली केले.